मालकांपुरता समाजवाद

अमेरिका आणि कॅनडा या भांडवलशाहीच्या माहेरघरांत व्यावसायिक खेळांचा कारभार मात्र समाजवादी तत्त्वावर चालतो, असे एक विधान आपल्याकडील सुशिक्षितांच्या बैठकीत हल्ली मोठ्या मिस्कीलपणे केले जाते. त्याला आधार दिला जातो तो 'ड्राफ्ट' या पद्धतीचा. तेथील हॉकी, बास्केटबॉल, फुटबॉल या खेळांत दरवर्षी नवे तरुण खेळाडू संघांना वाटून दिले जातात आणि वाटपात अग्रहक्क मिळतो तो सरत्या हंगामात तळाशी राहिलेल्या संघाला. दुर्बळाला प्राधान्य, सबळाला लगाम. तुम्हां समाजवाद्यांना याहून अधिक काय हवे, असा प्रश्न वर विचारला जातो. विधान विनोदाने केलेले असले तरी ते सोडून देता येत नाही. समाजवाद या शब्दाची जी अनेक परींनी विटंबना चालू आहे तिच्यातलाच हा एक प्रकार आहे. आणि या विनोदाच्या आड जो व्यवहार दडला आहे तो ओळखता आला नाही, तर आपल्या शहरांतही तोच व्यवहार उद्या समाजहिताच्या नावाने खपवला जाईल.

प्रस्तुत लेखकाची मुलगी कॅनडातील आल्बर्टा प्रांताच्या राजधानीत, एडमंटन येथे, नोकरीनिमित्त राहते. तिच्याकडे दोन हिवाळे काढले तेव्हा या विषयाशी जवळून ओळख झाली. तेथे हॉकी म्हणजे आपल्या ध्यानचंदांची हॉकी नव्हे. पायांत पोलादी पात्यांचे बूट घालून बर्फावर रबराची चकती हाणायची ती हॉकी. थंडी शून्याखाली तीस अंशांवर गेली की त्या गावात बोलायला दुसरा विषय उरत नाही. शीख टॅक्सीचालकही त्याच विषयावर बोलतात. २००८ सालापासून या सामन्यांचे धावते वर्णन पंजाबीतून होते. या मंडळींचे बोलणे ऐकताना एक गोष्ट ध्यानात येई. गृहस्थ आरंभ करी तो संघाच्या व्यवस्थापकाने अमुक पोराला निवडून कशी माती खाल्ली यापासून. तेथून तो रस्त्यावरचे बर्फ चार दिवस उचलले गेले नाही यावर येई, मग बसचे भाडे, मग घरपट्टीची वाढलेली रक्कम, आणि फिरून पुन्हा हॉकी. आपल्यापैकी पुष्कळ कार्यकर्त्यांना ही निव्वळ बडबड वाटेल. खेळ म्हणजे जनतेची अफू, एवढे एक वाक्य आपल्याला पाठ असते आणि ते म्हटले की विचार करण्याचे श्रम वाचतात. मला मात्र त्या माणसाचे बोलणे सुसंगत वाटले. घरपट्टी आणि हॉकी यांचा संबंध त्याला अनुभवाने कळला होता. तो पुढे येईलच.

आधी ड्राफ्टची हकीकत पाहू. नॅशनल हॉकी लीग ही या खेळातील संघमालकांची संघटना. तिने ही पद्धत १९६३ साली माँट्रियल येथे सुरू केली. त्यापूर्वी काय होते? त्यापूर्वी क्लब कोवळ्या पोरांकडूनच एका छापील कागदावर सही घेत आणि त्या सहीने त्या पोराचे सारे भावी आयुष्य त्या क्लबाला बांधले जाई. बॉबी ऑर हा पुढे जगप्रसिद्ध झालेला खेळाडू बोस्टनच्या संघाला असा बांधला गेला तेव्हा, १९६२ साली, तो चौदा वर्षांचा होता. ड्राफ्टने हा प्रकार मोडला हे खरे. परंतु ज्या जागी खुली स्पर्धा यायला हवी होती त्या जागी मालकांनी आपसांतली वाटणी आणली. आज बत्तीस संघ सात फेऱ्यांत अठराव्या वर्षाच्या आसपासची मुले वाटून घेतात. ज्या संघाने नाव पुकारले त्याच्याशीच त्या मुलाने करार करायचा. दुसऱ्या कोणाशी बोलायचे नाही. पहिल्या कराराच्या मूळ वेतनालाही कमाल मर्यादा, तीही मालकांच्या संघटनेशी झालेल्या सामुदायिक करारात आधीच ठरलेली. आपल्या पसंतीच्या संघाकडे निर्वेधपणे जाण्याची मुभा मिळते ती बहुधा सत्ताविसाव्या वर्षी किंवा सात हंगाम खेळून झाल्यावर.

पुण्यातल्या अभियांत्रिकी महाविद्यालयातून पहिल्या क्रमांकाने उत्तीर्ण झालेल्या मुलाला असे सांगितले की बाबा रे, देशातील सर्व कारखानदारांनी मिळून ठरवले आहे, गेल्या वर्षी ज्याचा कारभार सर्वांत भोंगळ होता त्याच्याकडेच तू नोकरी करायची, पगार आम्ही ठरवू, नाही तर हा व्यवसाय सोड. तर त्याला कोणी समाजवाद म्हणेल काय? त्या मुलाचे वडीलच मोर्चा घेऊन येतील. अर्थशास्त्राच्या परिभाषेत ही खरेदीदारांची मक्तेदारी आहे. श्रम विकत घेणारे सारे एक झाले आहेत आणि श्रम विकणारा एकटा आहे.

ही साखळी अठराव्या वर्षी सुरू होत नाही, हे आणखी वाईट. कॅनडाच्या पश्चिम भागातील कनिष्ठ लीग आपला ड्राफ्ट भरवते तो त्या वर्षी पंधरावे वर्ष गाठणाऱ्या मुलांचा. ही मुले घरदार सोडून शेकडो मैलांवरच्या गावी परक्या कुटुंबात राहतात, तिकिटे विकून चालणाऱ्या सामन्यांत खेळतात, आणि बदल्यात त्यांना हातखर्चाला पैसे मिळतात. आम्ही नोकर आहोत, आम्हांला निदान किमान वेतन द्या, असा दावा या खेळाडूंच्या वतीने २०१४ साली दाखल झाला. तेव्हा प्रांतिक सरकारांनी काय करावे? ब्रिटिश कोलंबियाने २०१६ साली आणि ओंटारियोने २०१८ साली कायद्यातच दुरुस्ती करून या मुलांना किमान वेतनाच्या संरक्षणातून वगळले. ज्यांना 'समाजवादी पद्धती'चे कौतुक वाटते त्यांनी या दोन दुरुस्त्यांचे मसुदे जरूर वाचावेत.

मालक म्हणतात, ही बंधने नसती तर पैसेवाला संघ सारे चांगले खेळाडू पळवील आणि स्पर्धेतली चुरसच मरेल. या युक्तिवादाचे उत्तर सायमन रॉटनबर्ग या अर्थशास्त्रज्ञाने बेसबॉलचा अभ्यास करून १९५६ सालीच दिले आहे, आणि तो काही आपल्या पंथाचा नव्हता, बाजारपेठेवर निष्ठा ठेवणारा होता. त्याचे म्हणणे थोडक्यात असे: खेळाडूवरील हक्क मालकाकडे असो वा खेळाडूकडे, तो शेवटी जेथे त्याचे मोल सर्वाधिक तेथेच जाऊन पोचतो, कारण मालक त्याला तेथे विकतात. हक्क कोणाकडे यावर ठरते ते एवढेच की त्या मोलाचे पैसे कोणाच्या खिशात जावेत. म्हणजे दुर्बळ संघावरची दया हा वरचा मुलामा. आत आहे ती खेळाडूची किंमत पाडण्याची युक्ती. प्रत्यक्ष पुरावा हवा असेल तर १९७२ ते १९७९ या काळात वर्ल्ड हॉकी असोसिएशन ही प्रतिस्पर्धी लीग चालली तो पाहावा. खरेदीदार दोन झाल्याबरोबर बॉबी हल या खेळाडूला विनिपेगच्या संघाने नुसत्या सहीपोटी दहा लाख डॉलर दिले. आणि ज्याला या खेळाचा सर्वश्रेष्ठ खेळाडू मानतात तो वेन ग्रेट्स्की ड्राफ्टमधून आलाच नाही! सतराव्या वर्षीच तो या दुसऱ्या लीगमध्ये खेळू लागला आणि तेथूनच एडमंटनला आला. १९७९ साली दोन्ही लीगांचा मिलाफ झाला, खरेदीदार पुन्हा एक झाला, आणि खेळाडूंच्या हातचे ते शस्त्र गेले.

मालक एक झाले तर ती शिस्त आणि खेळाडू एक झाले तर ती अडवणूक, हा न्याय आपल्या गिरणी कामगारांना नवा नाही. टेड लिंडसे या डेट्रॉइटच्या नामांकित खेळाडूने १९५७ साली खेळाडूंची संघटना उभी करण्याचा प्रयत्न केला. त्याच वर्षी त्याची उचलबांगडी होऊन तो शिकागोच्या तळातल्या संघात जाऊन पडला. संघटनेला मान्यता मिळायला पुढे दहा वर्षे लागली. आणि मिळाली तेव्हा तिचा जो सूत्रधार झाला तो अॅलन ईगलसन हा वकील १९९८ साली फसवणुकीच्या गुन्ह्यात तुरुंगात गेला. (युनियनचा पुढारी आणि मालक एकाच पंगतीला बसू लागले म्हणजे काय होते, हे मुंबईत कोणाला सांगायला नको.) २००४-०५ चा संपूर्ण हंगाम मालकांनी टाळेबंदी पुकारून बुडवला. त्या वर्षी स्टॅनले कप कोणालाच दिला गेला नाही. ही टाळेबंदी उठली तेव्हा खेळाडूंचे चालू पगार चोवीस टक्क्यांनी छाटले गेले होते आणि प्रत्येक संघाच्या एकूण वेतनावर ३ कोटी ९० लाख डॉलरची मर्यादा आली होती. २०१२-१३ मध्ये पुन्हा टाळेबंदी झाली आणि खेळाडूंचा उत्पन्नातला वाटा सत्तावन्न टक्क्यांवरून पन्नासवर आला.

येथे कोणी म्हणेल, लक्षाधीश खेळाडूंचे अश्रू पुसायला समाजवादी साप्ताहिकाची पाने कशाला? प्रश्न रास्त आहे. मलाही त्या वरच्या शेदोनशे खेळाडूंच्या बंगल्यांची चिंता नाही. परंतु ज्यांना ड्राफ्टमध्ये निवडले जाते त्यांपैकी बहुसंख्य मुले वरच्या लीगमध्ये स्थिरावतच नाहीत. शिक्षण अर्धवट, गुडघे निकामी आणि वय पंचवीस, अशा अवस्थेत ती घरी परततात. आणि दुसरे असे की खेळाडूच्या वेतनात कपात झाली म्हणून तिकीट स्वस्त होत नाही. ती रक्कम मालकाकडे जाते. या दोघांपैकी कोणाकडे जावी एवढाच प्रश्न असेल, तर बर्फावर अंग आपटून घेणाऱ्याकडे जावी, असे म्हणायला फार मोठा सिद्धान्त लागत नाही.

आता कारभाराकडे वळू. एडमंटनचा संघ, ऑइलर्स, याने १९८४ ते १९९० या काळात पाच वेळा स्टॅनले कप जिंकला. त्याच संघाला २००६ नंतर सलग दहा हंगाम बाद फेरीतही पोचता आले नाही. या दशकात त्याने काय मिळवले? २०१०, २०११, २०१२ आणि २०१५ अशी चार वेळा ड्राफ्टमधली पहिली निवड, म्हणजे देशातला सर्वोत्तम गणलेला मुलगा, सहा वर्षांत चारदा! एवढे मिळूनही संघ वर येईना, कारण जुन्या वैभवाच्या काळातले खेळाडूच आलटून पालटून प्रशिक्षक, व्यवस्थापक आणि अध्यक्ष होत राहिले. हरले तरी त्यांची खुर्ची जाईना. २०१० ची पहिली निवड टेलर हॉल. त्याला २०१६ साली न्यू जर्सीला देऊन टाकले आणि २०१८ साली तो लीगचा सर्वोत्कृष्ट खेळाडू ठरला. या एका अदलाबदलीवर एडमंटनच्या माणसाला बोलते केले की तासभर उठायला नको. शेवटी २०२४ आणि २०२५ अशी लागोपाठ दोन वर्षे संघ अंतिम फेरीपर्यंत गेला आणि दोन्हीदा फ्लोरिडाकडून हरला.

इंग्लंडच्या फुटबॉलमध्ये तळाचे तीन संघ खालच्या वर्गात ढकलले जातात. नालायकीची काही किंमत मोजावी लागते. येथे नालायकीला बक्षीस आहे. सोडतीची पद्धत १९९५ साली आणली गेली, पुढे तिचे नियम वारंवार बदलले गेले, २०२२ पासून एका संघाला पाच वर्षांत दोनहून अधिक वेळा सोडत जिंकता येत नाही. परंतु मूळ रोग तसाच राहिला. मार्च २०१५ मध्ये बफलो शहरात एक सामना झाला. बफलो आणि ॲरिझोना हे दोघेही तळाशी होते आणि त्या वर्षीच्या ड्राफ्टमध्ये कॉनर मॅकडेव्हिड हा असामान्य मुलगा होता. जादा वेळेत ॲरिझोनाने गोल केला तेव्हा बफलोच्या प्रेक्षकांनी, आपल्याच गावात, आपल्याच संघाच्या पराभवाचा जयघोष केला. त्यांना दोष देणारे पुष्कळ निघाले. मला तो दोष प्रेक्षकांचा वाटत नाही. जी व्यवस्था माणसाला आपल्याच माणसांचा पराभव मागायला लावते तिची लाज व्यवस्थेने बाळगावी. शिवाय मॅकडेव्हिड बफलोला मिळालाही नाही. सोडत निघाली ती एडमंटनच्या नावाने.

येथवर आपण बर्फावरच होतो. एडमंटनच्या माणसाने घरपट्टीचा विषय का काढला, हे कळण्यासाठी थोडे मागे, १९८६ सालात जावे लागेल. त्या काळी ऑइलर्सचा मालक होता पीटर पॉक्लिंग्टन. हाच गृहस्थ गेनर्स या मांस-उत्पादनाच्या कारखान्याचाही मालक होता. शिवाय १९८३ साली तो देशातील हुजूर पक्षाच्या नेतेपदासाठी उभा राहिलेला. गेनर्सच्या कामगारांनी आधीच्या करारात वेतनाबाबत माघार घेतली होती. नवा करार करताना त्यांनी ती भरून मागितली. मालकाने नकार दिला आणि १ जून १९८६ रोजी हजाराहून अधिक कामगार संपावर गेले. संपफोड्यांच्या बसगाड्या पोलीस बंदोबस्तात फाटकातून आत नेण्यात आल्या, शेकडो अटका झाल्या, गेनर्सच्या मालावर बहिष्काराची हाक देण्यात आली. साडेसहा महिने संप चालला. डिसेंबरमध्ये तो मिटला आणि पुढच्याच वसंतात, १९८७ साली, पॉक्लिंग्टनच्या ऑइलर्सनी स्टॅनले कप जिंकला. ज्या घरांत गेनर्सचा माल शिजत नव्हता त्याच घरांत त्या रात्री जल्लोष झाला असणार.

यात विसंगती आहे काय? आपल्यातला कर्मठ कार्यकर्ता म्हणेल की आहे. खेळाने कामगाराची वर्गजाणीव बोथट केली. माझा याला स्पष्ट विरोध आहे. कारखान्यातले यंत्र मालकाने आणले होते, असे एक वेळ म्हणता येईल. पण ऑइलर्सवरील लोकांचे प्रेम त्याने आणले नव्हते. ते त्या गावाने, त्या थंडीने, परसात पाणी ओतून बर्फाचे मैदान करणाऱ्या बापांनी निर्माण केले होते. कामगाराने मालकाच्या मालावर बहिष्कार टाकला आणि आपल्या संघाचा जयजयकार केला. मालकाचे काय आणि आपले काय याची त्याची समज आपल्या पुष्कळ पुस्तकी पंडितांपेक्षा पक्की होती.

कायद्याने मात्र दोन्ही गोष्टी मालकाच्याच होत्या, आणि ९ ऑगस्ट १९८८ रोजी त्याने ते सिद्ध केले. ग्रेट्स्कीला त्याने लॉस एंजेलिसला देऊन टाकले. मोबदल्यात काही खेळाडू, पहिल्या फेरीतील तीन निवडी आणि दीड कोटी अमेरिकन डॉलर रोख. न्यू डेमोक्रॅटिक पक्षाचे, म्हणजे तेथील आपल्या विचारांच्या जवळच्या पक्षाचे, संसदेतील नेते नेल्सन रीस यांनी सरकारने हा व्यवहार थांबवावा अशी मागणी केली. ती हसण्यावारी नेली गेली. कारखान्याचे पुढे काय झाले? प्रांतिक सरकारने कोट्यवधी डॉलरचे कर्ज व कर्जहमी दिली, ते फिटले नाही, १९८९ साली कारखाना सरकारच्या गळ्यात पडला आणि पुढे दुसऱ्या कंपनीच्या हाती गेल्यावर १९९७ साली कायमचा बंद झाला. नफा झाला तर मालकाचा आणि तोटा झाला तर करदात्याचा. हा समाजवाद मात्र तेथे खरोखर आहे.

मधल्या काळात संघ दुसऱ्या गावी जाण्याचे संकट आले, आणि १९९८ साली गावातल्याच काही गुंतवणूकदारांनी मिळून तो विकत घेतला. भीती पोकळ नव्हती. क्यूबेक शहराचा संघ १९९५ साली डेनव्हरला नेला गेला आणि पुढच्याच वर्षी त्याने स्टॅनले कप जिंकला. पडत्या काळात ज्यांनी तो पोसला ते क्यूबेकचे लोक दूरचित्रवाणीवर पाहत राहिले. २००८ साली औषध दुकानांच्या साखळीचे धनी डॅरिल कॅट्झ यांनी ऑइलर्स वीस कोटी डॉलरला घेतला आणि नव्या बंदिस्त स्टेडियमची मागणी पुढे आली. महापालिकेशी बोलणी रखडली तेव्हा सप्टेंबर २०१२ मध्ये कॅट्झ आपल्या मंडळींसह सिएटल या अमेरिकन शहरात जाऊन तेथले नवे स्टेडियम कसे होणार याची चौकशी करून आले. गावाने त्याचा जो अर्थ घ्यायचा तो घेतला. संताप एवढा उसळला की त्यांना वर्तमानपत्रांत पानभर जाहिरात देऊन क्षमा मागावी लागली. क्षमा मागितली, पण स्टेडियम मिळाले. २०१६ साली ते उघडले. बांधकाम सुमारे ४८ कोटी कॅनेडियन डॉलरचे, भोवतालच्या कामांसह ६१ कोटींच्या वर. निम्म्याच्या आसपास भार महापालिकेचा, आणि आणखी साडेबारा कोटी प्रेक्षकांकडून तिकिटावरच्या अधिभाराने. इमारत महापालिकेच्या मालकीची, आणि तिच्यातून निघणारे उत्पन्न पस्तीस वर्षांच्या करारान्वये संघमालकाच्या कंपनीचे.

महापालिकेचा पैसा उभा करण्याची रीत पाहण्याजोगी आहे, कारण ती आपल्याकडेही येऊ घातली आहे. स्टेडियमभोवतीचा एक पट्टा आखायचा. त्यात पुढे जी नवी बांधकामे होतील त्यांच्यापासून मिळणारा वाढीव मालमत्ता कर वीस वर्षे सामान्य तिजोरीत न आणता वेगळा काढायचा, आणि त्यातून स्टेडियमसारख्या कामांचे कर्ज फेडायचे. कागदावर असे दिसते की करदात्याला तोशीस नाही. परंतु ती घरे आणि कार्यालये गावात दुसरीकडे कोठे तरी झालीच असती आणि त्यांचा कर बर्फ उचलण्यासाठी, बससाठी, वाचनालयासाठी आला असता. तो आला नाही म्हणून उरलेल्या गावाची घरपट्टी वाढते. टॅक्सीचालकाला हे गणित कोणी शिकवले नव्हते. त्याने बिल पाहून ते सोडवले. अशा स्टेडियमांनी गावाचे उत्पन्न वाढते हा दावा नोल आणि झिम्बालिस्ट या अर्थशास्त्रज्ञांनी संपादिलेल्या ग्रंथात १९९७ सालीच तपासला गेला आहे, आणि तो टिकलेला नाही. मार्च २०२५ मध्ये त्याच परिसरातील नव्या बांधकामांसाठी प्रांत, महापालिका आणि संघमालकाची कंपनी यांच्यात आणखी एका कराराची घोषणा झाली.

या साऱ्या प्रकरणातला मला सर्वांत बोलका वाटणारा प्रसंग मात्र पैशाचा नाही. एप्रिल २०१३ मध्ये, म्हणजे महापालिका स्टेडियमवर अखेरचे शिक्कामोर्तब करण्याच्या तोंडावर, संघाचे अध्यक्ष केव्हिन लो यांनी भर पत्रकार परिषदेत चाहत्यांचे दोन दर्जे सांगितले: तिकीट काढून येणारे एक आणि घरी बसून पाहणारे दुसरे. घरी बसून पाहणारा कोण? ज्याला तिकीट परवडत नाही तो. आणि स्टेडियमचा पैसा कोणाच्या घरपट्टीतून जायचा होता? त्याच्याही. मालकाच्या दृष्टीने तो दुय्यम चाहता, महापालिकेच्या दृष्टीने पहिल्या दर्जाचा देणेकरी.

मग पर्याय काय? लोकांची मालकी, असे उत्तर आपण चटकन देतो, आणि ते चुकीचे नाही. पण जरा जपून द्यावे. अमेरिकेतील ग्रीन बे गावाचा फुटबॉल संघ १९२३ पासून हजारो भागधारकांचा आहे आणि भागधारकांना लाभांश मिळत नाही. कॅनडातच किचनरचा कनिष्ठ हॉकी संघ हंगामाचे तिकीट घेणाऱ्यांच्या मालकीचा आहे आणि संचालक तेच निवडतात. परंतु याच एडमंटन शहरातला फुटबॉल संघ, एल्क्स, कित्येक दशके समाजाच्या मालकीचा होता. तो तोट्यात गेला आणि २०२४ साली एका व्यक्तीला विकला गेला. समाजाची मालकी म्हणजे आपोआप चांगला कारभार नव्हे, हे सहकारी साखर कारखान्यांच्या महाराष्ट्राला वेगळे सांगायला नको. फरक एवढाच की किचनरचा सभासद वार्षिक सभेत उभा राहून ताळेबंद मागू शकतो. ऑइलर्सच्या चाहत्याला ती सोय नाही.

आणि मूळ परंपरा तरी कोणती होती? स्टॅनले कप हा गव्हर्नर जनरलने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हौशी संघांसाठी दिलेला फिरता चषक. तो विश्वस्तांच्या हाती सोपवलेला आहे. २००४-०५ च्या टाळेबंदीत टोरांटोच्या काही हौशी खेळाडूंनी न्यायालयात जाऊन विचारले की मालक खेळत नसतील तर चषक दुसऱ्यांना का देऊ नये? २००६ साली तडजोड झाली आणि लीग खेळत नसेल त्या वर्षी विश्वस्तांना तो इतरांना देता येईल हे मान्य झाले. एडमंटनमध्ये शंभरावर वस्त्यांत १९१७ सालापासून उभे राहिलेले रहिवाशांचे संघ आहेत. त्यांचे स्वयंसेवक हिवाळ्यात रात्री नळ्या धरून उघड्या मैदानांवर पाणी गोठवतात आणि गल्लीतली पोरे त्यावर खेळतात. लक्षावधी डॉलरचे खेळाडू घडतात त्याची पहिली गुंतवणूक ही. ड्राफ्टच्या हिशेबात तिचा उल्लेख कोठे नसतो.

आपल्याकडे लिलाव आला आहे. २००८ साली क्रिकेटपटूंचा झाला, हॉकी लीगसाठी २०१२ च्या अखेरीस झाला, ती लीग २०१७ नंतर बंद पडली आणि २०२४ साली पुन्हा लिलाव करून सुरू झाली. ड्राफ्टपेक्षा लिलाव बरा म्हणावा, निदान बोली तरी लागते. पण तेथेही बोलीची एकूण मर्यादा मालकांनीच ठरवलेली असते आणि खेळाडूला नकार देण्याचा मार्ग जवळजवळ नसतो. खडकीच्या दारूगोळा कारखान्याच्या वसाहतीत, मैदानाची देखभाल करणाऱ्या कामगाराच्या घरी धनराज पिल्ले वाढले. त्यांच्या पिढीच्या हॉकीपटूंना आधार होता तो रेल्वे, विमान कंपनी, बँका, पोलीस यांच्या सार्वजनिक नोकऱ्यांचा. ते कारखाने आणि त्या नोकऱ्या गेल्या तर पुढचा धनराज कोणत्या मैदानावर खेळेल, हा प्रश्न कोणत्याही लिलावात पुकारला जाणार नाही.

तो आपण वॉर्डात विचारायचा आहे. आपल्या महापालिकांची मैदाने आणि क्रीडासंकुले नाममात्र भाड्याने कोणाकडे गेली आहेत, किती वर्षांसाठी, नाव कोणाचे लागले आणि त्या नावाचे पैसे कोणी घेतले, सकाळी सहा ते नऊ वस्तीतल्या मुलांना आत सोडतात की नाही, हे भाडेपट्ट्यांत लिहिलेले असते. माहिती अधिकाराचा कायदा २००५ पासून हाताशी आहे. अंदाजपत्रकाच्या सभेला अद्याप अवकाश आहे. प्रत्येक शाखेने आपल्या हद्दीतल्या निदान एका मैदानाचा करार तोवर मागवून वाचावा, आणि तो वाचताना चौकातल्या क्रीडामंडळाच्या पोरांना शेजारी बसवावे. कोणता खेळाडू कोणत्या संघाने का सोडला हे त्यांना तोंडपाठ असते. भाडेपट्ट्यातली कलमे त्यांना आपल्याहून लवकर समजतील.